शेतीची वाहनं वगळून

एमरी डेलफोसनं पाटीचा शेवटचा बोल्ट आवळला आणि दोन पावलं मागे सरून ती सरळ बसली आहे का ते पाहिलं. बर्फ वितळत होतं. पुलाच्या तोंडाशी चिखल घोट्यापर्यंत आला होता. पाटीवर लिहिलं होतं : वजनमर्यादा बारा टन. खाली लहान अक्षरांत : शेतीची वाहनं वगळून.

पलीकडून त्याची धाकटी बहीण व्हर्ना चालत आली. अंगात गोठ्यातला कोट, हात खिशात.

"आणि दुधाचा टँकर?" तिनं विचारलं.

"तो कंत्राटदाराचा आहे. शेतीच्या वाहनात धरत नाहीत."

"दूध आमच्या गायींचं आहे, एमरी."

एमरीनं पाना पुसून पेटीत ठेवला.

विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात ओढ्यापलीकडे एकच शेत होतं, व्हर्ना आणि तिचा नवरा लीलंड यांचं. त्यापुढे दलदल. हिवाळ्यात सरकारी इंजिनिअर येऊन पुलाच्या तुळयांवर हातोडी मारून गेला होता. गंजाचे पापुद्रे त्यानं गावमंडळाच्या टेबलावर ओतले आणि जड गाड्या बंद करा म्हणून सांगितलं. टँकर रिकामासुद्धा मर्यादेहून जड होता. मंडळात तिघे. क्लेम म्हणाला, तेवढ्या एका टँकरला खास परवानगी देऊ, सावकाश जाईल. दुसरा सभासद नको म्हणाला. उरला अध्यक्ष, म्हणजे एमरी. त्यानं बराच वेळ गंजाच्या त्या ढिगाकडे पाहिलं आणि नाही म्हणाला.

सभा संपल्यावर क्लेम बाहेर गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता.

"दुसऱ्या कुणाचं शेत असतं तर तू हो म्हणाला असतास," तो मान वर न करता म्हणाला. "बहिणीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून हे."

"ड्रायव्हर पाण्यात गेला, तर त्याच्या बायकोला जाऊन कोण सांगणार? तू?"

क्लेम खरवडत राहिला. घरी जाताना एमरीच्या मनात आलं की आपण दोघेही खरं तेच बोललो.

लीलंडनं सगळं करून पाहिलं. आपल्या ट्रॅक्टरमागे टाकी जोडून दूध हमरस्त्यावर आणून देतो म्हणाला. दूध घेणाऱ्या डेअरीनं ऐकलं नाही, दूध गोठ्यातल्या थंड टाकीतूनच उचलायचा नियम होता. पूल दुरुस्त करा म्हणून तो जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन बसला. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं. गायी मात्र थांबत नव्हत्या. दोन्ही वेळा धार काढावीच लागे, नाहीतर कासा दगडासारख्या होत. मग लीलंड धारा काढायचा आणि व्हर्ना टाकीची तोटी शेतात सोडायची. शेवटचा थेंब जाईपर्यंत ती तिथून हलत नसे. काळ्या सऱ्यांमध्ये दूध साचून राही. वारा फिरला की त्याचा आंबूस वास ओढ्याअलीकडे येई.

एमरी एकदा गेला. बायकोनं सुके आलुबुखार भरून भाजलेल्या गोड पाईचं ताट त्याच्या हातात होतं. लीलंड गोठ्यातून बाहेर आला नाही. व्हर्नानं पाई घेतली, ताट दुसऱ्या भांड्यात पालथं करून रिकामं केलं, धुऊन परत दिलं.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "पूल खरंच तसा असेल, तर तू बरोबर केलंस."

मे महिन्यात गायी गेल्या, लहान ट्रेलरमधून, थोड्याथोड्या करून. प्रत्येक फेरी मर्यादेत होती. त्यानंतरही व्हर्ना पहाटे उठून गोठ्यात जायची, दिवा लावायची, थोड्या वेळानं मालवून घरात यायची. हे एमरीला बायकोकडून कळलं.

जमीन त्यांनी हमरस्त्यावरच्या मोठ्या डेअरी फार्मला खंडानं दिली. मका कापून झाला आणि शेतात खत म्हणून पातळ शेण टाकायची वेळ आली. शेणाच्या टाक्या पुलावरून जाताहेत असं एमरीला कुणीतरी सांगितलं तेव्हा तो तसाच गाडी घेऊन पुलावर गेला. घराएवढा ट्रॅक्टर येत होता, मागे भरलेली लांबलचक टाकी. तो हात वर करून रस्त्यात उभा राहिला. ड्रायव्हरनं थांबून टोपीला हात लावला आणि पाटीकडे बोट केलं.

टाकी भरल्यावर वजन तीस टनांच्या वर जात असणार. पण तो ट्रॅक्टर होता, शेतात चालला होता. पाटीवरची ती ओळ एमरीनंच सभेत वाचून दाखवली होती. गावातल्या प्रत्येक पुलाच्या पाटीवर ती असे; नसती तर कुणाचीच पेरणी झाली नसती. तो बाजूला झाला.

मग झुडपं धरत तो खाली उतरला आणि पुलाखाली जाऊन उभा राहिला. डोक्यावरून ट्रॅक्टर गेला. तुळया करकरल्या, गंजाची भुकटी त्याच्या टोपीवर पडली. तुटू दे, असं त्याच्या मनात आलं. टोपीला हात लावणारा तो माणूस लगेच डोळ्यांपुढे आला आणि एमरीला स्वतःचीच शिसारी आली.

पूल तुटला नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरखाली तुटला नाही, त्यामागून आलेल्यांखालीही नाही. दुपारपर्यंत करकर तेवढीच होती, वाढली नव्हती.

दुपारी आलेला ट्रॅक्टर पुलाच्या मधोमध थांबला. इंजिन बंद झालं. एमरी कडेला सरकून वर पाहू लागला.

केबिनमध्ये लीलंड होता. त्यानं त्या डेअरी फार्मवर काम धरलंय हे एमरीला ठाऊक होतं. पण तो तिथल्या गोठ्यात असेल अशी एमरीची समजूत होती. लीलंडनं डबा उघडला, सँडविच काढलं आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला पाहत सावकाश खाल्लं. थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून घेतली. एमरी खाली उभा आहे हे त्याला दिसत होतं. भरलेली टाकी पुलावर तशीच उभी होती आणि खालून पाण्याचा तेवढा आवाज येत होता.

खाऊन झाल्यावर लीलंडनं हात पँटला पुसले, डब्याचं झाकण लावलं. मग इंजिन सुरू करून ट्रॅक्टर पलीकडे नेला.

एमरी तिथेच उभा राहिला. वळणावर पुढचा ट्रॅक्टर ऐकू येत होता.