बेटावरचा बर्फ

इबू नोर यांनी पुढ्यातल्या ग्लासातलं पाणी आधी आपल्या बाटलीत ओतून घेतलं, झाकण घट्ट फिरवलं आणि मगच जेवायला हात लावला. बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या छपराखाली, दुपारची झुंबड उडाली होती. शेजारच्या टेबलावर कुणीतरी अर्धी बाटली पाणी तशीच टाकून उठलं. इबू नोर यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तीही उचलून पिशवीत टाकली. समोर बसलेल्या सुचित्राचा घास हातातच राहिला.

सुचित्रा आगाशे मूळची पुण्याची. भूशास्त्र शिकलेली, सिंगापूरला येऊन आता निम्मं आयुष्य झालेलं. कुणी कुठे काही बांधायचं म्हटलं की त्यामुळे तिथल्या हवापाण्याचं काय होईल ते आधी लिहून द्यावं लागतं. असे अहवाल तयार करणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती होती, आणि त्यातलं पाण्याचं प्रकरण नेहमी तिच्याकडे असे. हे अहवाल कुणी हौसेने वाचत नाही. ते जाड असावेत आणि वेळेवर यावेत, एवढ्यावर जग खूश असतं. सुचित्रा मात्र प्रत्येक अहवाल कुणीतरी वाचणार आहे असं धरून लिहायची, आणि त्यावरून ऑफिसात तिची थट्टाही व्हायची.

या वेळचं काम तिला मनापासून आवडलं होतं. सेरूनी बेटावरचे आदिवासी मूळचे दर्यावरचे, होडीत जन्मून होडीतच मरणारे. दोन पिढ्यांपूर्वी त्यांना सरकारने बेटावर आणून वसवलं. आता त्यांच्याच पंचायतीला बर्फाचा कारखाना हवा होता. बर्फ नसल्यामुळे सकाळी धरलेली मासळी दुपारी नासायची, व्यापारी म्हणेल त्या भावाने द्यावी लागायची आणि कंटाळलेली तरुण पोरं बेट सोडून जायची. बाहेरच्या कुणी लादलेलं हे काम नव्हतं. ज्यांना सगळे मानाने इबू, म्हणजे आई, म्हणत त्या नोर पंचायतीच्या प्रमुख, आणि मदत देणाऱ्या परदेशी संस्थेपुढे अहवालाला संमती द्यायला त्या फेरीबोटीने समुद्र ओलांडून आल्या होत्या.

बर्फाला गोडं पाणी लागतं, आणि बेटावर विहीर एकच. अशा लहान बेटाच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. हावरटासारखा उपसा केला की खालचं खारं वर येतं, आणि एकदा आलं की लवकर परत जात नाही. म्हणून सुचित्रा स्वतः बेटावर जाऊन आली होती. पाऊस नुकताच संपला होता, कारण संस्थेला तेवढीच सवड होती. पाणी भरायला येणाऱ्या एकेका बाईला तिने विहिरीच्या काठावरच गाठून विचारलं होतं. पाणी भरपूर आहे, कधी कमी पडत नाही, असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. तिने तसंच लिहिलं.

आता तिने त्या बाटलीबद्दल विचारलं. तिला मोडकीतोडकी का होईना, मलय येत होती.

इबू नोर मोकळेपणाने बोलायला लागल्या. कोरडे महिने आले की विहीर मचूळ होते. बायका उजाडायच्या आत होड्या काढतात आणि पलीकडच्या बेटावरून कॅन भरून आणतात. त्या दिवसांत तान्ह्या मुलांची पोटं बिघडतात. गेल्या वर्षी त्यांच्या सुनेचं बाळ गेलं. हे सगळं त्यांनी भात कालवता कालवता सांगितलं.

"मग तेव्हा मला कुणीच कसं सांगितलं नाही, इबू?"

"तू विहिरीवर उभं राहून विचारलंस, चित्रा. विहिरीच्या तोंडावर पाणी कमी आहे असं कोण म्हणेल? ती ऐकते."

सुचित्राला स्वतःचा संताप आला. तिच्या आईने डब्यातले तांदूळ संपले असं जन्मात कधी म्हटलं नव्हतं, वाढले म्हणायची. दिवेलागणीला घरात नाही नाही ते बोललं की पाठीत धपाटा बसायचा. अशा घरात वाढलेल्या बाईने विहिरीच्या काठावर उभं राहून, हातात पेन घेऊन, पाणी आटतं का म्हणून विचारावं! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर तिनेच त्याला वेड्यात काढलं असतं.

ती अहवाल बदलणार हे इबू नोर यांनी तिच्या तोंडावरच वाचलं.

"लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "पाणी आम्ही आणतो, पुढेही आणू. बर्फ आला नाही तर माणसं जातील. ती कुठून आणायची?"

रुचिर साने हा तिचा मॅनेजर, वयाने तिच्याहून बराच लहान. मीटिंगमध्ये तो तिला सुचित्रा म्हणे. काही गळ्यात मारायचं असलं की सुचित्राताई. अहवाल बदलायचा असं तिने सांगितलं तेव्हा, त्या दुपारी, त्याने ताईनेच सुरुवात केली. कोरड्या महिन्यांतली तपासणी करायची म्हणजे काम पुढच्या वर्षावर जाणार, आणि संस्था तोवर थांबणार नाही, हे त्याने नीट समजावून सांगितलं.

"त्यांचं बेट, त्यांचा कारखाना. आयुष्यभर बाहेरच्यांनीच त्यांचं बरंवाईट ठरवलं. आता आपणही तेच करायचं का, ताई?"

रुचिर वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. पण तो निम्मं खरं बोलत होता.

"विहीर कायमची खारी झाली ना, रुचिर, तर तो बर्फ घेऊन ते करणार काय? राहायचं कुठे त्यांनी?"

घरी, पासिर रिसच्या फ्लॅटवर, गार्गीने आईचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारून घेतलं. पोरीला जगातल्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर ठाऊक. "मा, यू ऑलरेडी नो, लाह. लिहून टाक," म्हणाली आणि क्लासला निघून गेली. सुचित्राने लॅपटॉप उघडला. कोरड्या महिन्यांतली तपासणी झाल्याशिवाय विहिरीतून कारखान्यासाठी पाणी काढू नये, काढल्यास विहीर जाण्याचा धोका आहे, असं तिने स्पष्ट लिहिलं. बाळाचं लिहिलं नाही. लिहिताना तिला सारखं वाटत होतं की आपण एका बाईचा विश्वास मोडतो आहोत, आणि तो मोडून तरी काही वाचणार आहे का याची तिला खात्री नव्हती.

सोमवारी ऑफिसात बैठक झाली. संस्थेची बाई पडद्यावर होती, शेजारी दुभाष्या. बाईने फार अदबीने विचारलं, की या नव्या मजकुराबद्दल पंचायतीचं म्हणणं काय?

इबू नोर यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. सुचित्राकडे त्यांनी पाहिलं नाही.

"चित्रा चांगली बाई आहे. पण आमची भाषा तिला नीट येत नाही. आमच्याकडे पाणी भरपूर आहे."

खोलीतले सगळे सुचित्राकडे वळले. एका वाक्याने तिला हे खोडता आलं असतं. पण त्या आजीच्या देखत तिचं गेलेलं नातवंड टेबलावर पुरावा म्हणून मांडायचं? समजण्यात चूक झाली असेल, एवढंच ती म्हणाली. नवा मजकूर निघाला. तिने अहवालावरून आपलं नाव काढायला सांगितलं आणि रुचिरने ते काढलं. संध्याकाळी तीच इबू नोर यांना फेरीबोटीपर्यंत सोडायला गेली. वाटेत त्यांनी गार्गीच्या अभ्यासाची चौकशी केली. विहिरीचं नाव दोघींनीही काढलं नाही.

कारखाना उभा राहिला. पुढच्या वर्षीचे कोरडे महिने आले तशी सुचित्राची झोप उडाली. फोन करावा असं तिला रोज वाटायचं आणि रोज ती तो उद्यावर ढकलायची. शेवटी एका रविवारी इबू नोर यांचाच व्हिडिओ कॉल आला.

त्या कारखान्याच्या दारात उभ्या होत्या. मागे यंत्र घरघरत होतं. बेट सोडून गेलेली दोन पोरं परत आली होती. ती बर्फाच्या माणसाएवढ्या लाद्या ओढून मासळीच्या खोक्यांवर फोडत होती. भाव पटेस्तोवर व्यापाऱ्याला आता दुपारपर्यंत थांबावं लागतं, हे सांगताना इबू नोर यांच्या आवाजात कधी नव्हता इतका तोरा होता. सुचित्राला खरोखरच आनंद झाला. आपणच उगाच काहीबाही धरून बसलो होतो की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात इबू नोर यांची लहान नात धावत आली. आजीने लादीचा एक तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. पोरीने तो हावरेपणाने तोंडात घातला आणि मिठाचा खडा लागावा तसं तिचं तोंड वाकडं झालं. तिने तुकडा बाहेर काढून हातात धरला, वर आजीकडे पाहिलं. आजी हातात फोन धरून तिच्याकडेच बघत होती.

पोरीने तुकडा पुन्हा तोंडात घातला, ओठ घट्ट मिटले आणि न थुंकता तो तसाच विरघळू दिला.