हिंगाच्या डब्यातला आवाज

“खाली केलं का हेडफोन, वर केलं का भोंगा.” जानरावांनी बटन खालीवर करून दाखवलं. “समजलं का वं?”

“मी काय येडी आहो?” माणिकबाई म्हणाल्या.

डबा मुळात पापडाच्या हिंगाचा. त्याला भोकं पाडून जानरावांनी मागून टीव्हीची वायर आत घेतली, पुढे दोन सॉकेटं बसवली आणि मध्ये एक बटन. लग्नांत लाऊडस्पीकर लावून ज्या माणसाने अर्धं अकोला हयातभर जागं ठेवलं, त्याने म्हातारपणी आवाज बंद करायचं यंत्र बनवलं. आठवडाभर बातम्यांना हिंगाचा वास येत होता, असं ते स्वतःच सांगत.

माणिकबाईंना कमी ऐकू येई, म्हणून टीव्ही मोठा. टीव्ही मोठा, म्हणून पुढच्या खोलीत सुनेच्या शिकवणीला येणारी पोरं “सात चोक अठ्ठावीस, हे लग्न होऊ शकत नाही” म्हणू लागली. सून काही वाईट नव्हती. “मामाजी, आत्याबाईले तिवशाले श्याम भाऊजीकडे ठेवू,” एवढंच प्रणाली सासूबद्दल सासऱ्यांना म्हणाली होती. दुसऱ्या मुलाच्या, श्यामच्या घरात खाट मात्र एकच मावत होती. जानराव इकडे, माणिकबाई तिकडे.

डबा आला, घर शांत झालं आणि तिवशाला पाठवायचा विषय मागे पडला. माणिकबाई हेडफोन लावून रोज मालिका बघत, खुदकन हसत, मध्येच पदराने डोळे टिपत.

एका दुपारी त्या हेडफोन खाटेवर ठेवून दूध घ्यायला उठल्या. बातम्या ऐकाव्यात म्हणून जानरावांनी तो कानाला लावला. काहीच नाही. बटन तर खालीच होतं. डबा उघडला, तर हेडफोनच्या वायरीचा सोल्डरने दिलेला डाग सुटलेला आणि टोकावर हिरवा गंज. असा गंज काही एका दिवसात चढत नाही.

“अवं, हे तं कधीचं बंद हाय! काहून सांगतलं नाई?”

माणिकबाईंनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. अलीकडे त्या सगळ्यांच्याच ओठांकडे बघत. “तुमी इतक्या हौसेनं बनवला,” म्हणाल्या.

जानरावांनी सोल्डर तापवून डाग दिला. हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, तर जाहिरातीतली बाई अशी किंचाळली की त्यांची टोपी हलली. मग हेडफोन माणिकबाईंच्या डोक्यावर चढवला.

“आला आवाज?”

“आला. साफ.”

जानरावांनी मागच्या मागे हेडफोनची पिन उपसून मुठीत धरली. “अन् आता?”

“आता तं अजूनच साफ.”

तेवढ्यात प्रणाली दारात आली. “मामाजी, डबा बिघडला काय? श्याम भाऊजी रविवारी गाडी घेऊन येऊन राहिले. काही असन तं सांगा.”

माणिकबाईंची बोटं खाटेच्या कडेवर आवळली. आता त्या जानरावांच्या ओठांकडे बघत होत्या.

“कायचा बिघडते? चालू हाय,” जानराव म्हणाले. “फस्कलास.”

बोटं सुटली. प्रणाली पोरांकडे गेली.

पडद्यावर एक बाई उंबऱ्यात उभी राहून रडत होती. जानराव खाटेवर सरकले आणि आपलं तोंड माणिकबाईंना नीट दिसेल असे बसले.

“हे काहून रडून राहिली?”

माणिकबाईंनी जरा विचार केला. “तिचा नवरा गावाले गेला. संध्याकाळी येतो म्हने.”

“मंग?”

“मंग काय. सैपाक करून वाट पाहून राहिली.”

पडद्यावर तो नवरा तिच्या शेजारीच उभा होता.

“काय केलं सैपाकात?” जानरावांनी विचारलं.