एकही माणूस धड नाही

सुदर्शनच्या कादंबरीवर जुन्नरच्या वाचनालयात चर्चा होती. "यातलं एकही माणूस धड नाही," वाचक तक्रार करत होते. सुदर्शन खुर्चीत चुळबुळत, मागच्या रांगेत बसलेल्या आईकडे बघत होता. कादंबरीतली माणसं त्याच्या गावची, राजुरीचीच होती; त्यांच्यातच तिला राहायचं होतं, आणि पुस्तक वाचल्यापासून ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती.

परतताना एसटीत त्याला राहवेना. "आई, राग आलाय का?"

"आलाय," कुशाबाई म्हणाली. "समदी वळखली मी. पर मी कुटंच न्हाई."

"तू तशी नाहीस ना!"

"पाटाचं पाणी अडवलं म्हणून तुझ्या चुलतीचं डोकं फोडलं व्हतं मी. ते का न्हाई लिवलं?"

सुदर्शनला हे ठाऊकच नव्हतं. राजुरी येईपर्यंत तो तिला खोदून खोदून विचारत राहिला.