नंबर कुठून मिळाला

त्यांना सगळे रकानेवाले म्हणत, आणि हे नाव त्यांच्या बायकोनेच ठेवलेलं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर दुधाचा तक्ता टांगला. तारीख, सकाळ, संध्याकाळ, शेरा. "शेऱ्यात काय लिहायचं? दूध आज जरा गप्प गप्प होतं?" असं तिने विचारलं, आणि तेव्हापासून ते रकानेवाले झाले ते कायमचे.

पुढे त्यांनी आजारी माणसांसाठी लागणारं सामान भाड्याने देण्याचं दुकान काढलं. वरखाली होणारे पलंग, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगात क्रमांक. सात नंबरचा पलंग कुठल्या तारखेला कुठल्या जिन्याने वर गेला आणि कधी खाली आला, हे ते वही न उघडता सांगत. एवढा काटेकोर माणूस दर वर्षी एका कागदावर न वाचता सही करत होता, हे कोणाला सांगून पटणार नाही. पण तसं झालं खरं.

कागद होता टेलिफोन डिरेक्टरीतल्या जाहिरातीचा. दर वर्षी डिरेक्टरीवाला घाम पुसत यायचा आणि मागच्या वर्षीचं कात्रण चिकटवलेला फॉर्म पुढे सरकवायचा. "काही बदल?" "मागच्यासारखंच," रकानेवाले म्हणायचे आणि सही ठोकायचे. मध्यंतरी दुकान जुन्या गल्लीतून चौकात आलं. तिकडचा नंबर इकडे मिळेना, तेव्हा नवीन घ्यावा लागला. नवी पाटी झाली, नवी पावतीपुस्तकं झाली, पलंगांच्या पायांवरसुद्धा नवा नंबर रंगवून झाला. डिरेक्टरीवाला आला, तेव्हा हे शिडीवर उभे राहून पाटी सरळ करत होते. शिडीवरूनच म्हणाले, "मागच्यासारखंच." पुढची पाच वर्षं हेच चाललं.

गंमत म्हणजे याच पाच वर्षांत त्यांनी टेलिफोनशेजारी एक वही ठेवली होती, आणि तिचा चौथा रकाना होता, 'नंबर कुठून मिळाला'. फोन करणाऱ्याचा बाप पलीकडे धापा टाकत असला, तरी आधी हा प्रश्न व्हायचा. उत्तरं ठरलेली असत. डॉक्टरांनी दिला, शेजाऱ्यांकडे तुमचा पलंग होता, पाटी वाचली. आणि बरेच जण म्हणत, "एका बाईंनी दिला."

"ही बाई कोण?" बायकोने एकदा वही चाळताना विचारलं.

"असेल एखादी नर्स."

"बराच जीव आहे तिचा तुमच्यावर."

रकानेवाल्यांनी चौथ्या रकान्यात 'बाई' असा पोटरकाना आखला आणि त्यांचं समाधान झालं. कोण बाई, हे एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी विचारलं नाही. रकाना भरला की त्यांच्या दृष्टीने विषय संपलेला असे.

पाच वर्षांनी त्यांनी बेरीज मांडली. 'डिरेक्टरी' या शब्दापुढे भोपळा होता. हल्ली डिरेक्टरी उघडतं कोण, असं त्यांची मुलगी म्हणायचीच, त्यामुळे तो त्यांना खराही वाटला. डिरेक्टरीवाला आला तेव्हा त्यांनी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि यंदापासून जाहिरात नको म्हणून सांगितलं. त्याने चष्मा चढवून पानं उलटली. "लहान चौकोन तरी ठेवा," असं जाहिरात बंद करणाऱ्या प्रत्येकाला तो म्हणायचा, या वेळी तेही म्हणाला नाही. पानांचे फोटो काढून घेतले, चहा अर्धा ठेवला आणि गेला.

नवी डिरेक्टरी आली ती आधीच्या निम्म्या जाडीची होती. तिसऱ्या महिन्यापासून दुकानातला फोन मंदावला. पलंग परत यायचे आणि भिंतीला टेकून तिथेच राहायचे. रकानेवाल्यांनी वही तपासली. डॉक्टर होते तिथेच होते, शेजारी तिथेच, पाटी तिथेच. 'बाई' मात्र आटली होती. नर्स बहुधा निवृत्त झाली, असं म्हणून ते बिस्किटांचे तीन डबे घेऊन तीन हॉस्पिटलांत फिरून आले. तिथल्या नर्सांनी बिस्किटं खाल्ली, पण त्यांना कोणी ओळखलं नाही.

मग एक दिवस एक म्हातारे गृहस्थ वॉकर परत करायला आले. वॉकर पुसून लख्ख केलेला होता.

"बायको गेली," ते आपणहून म्हणाले. "गेल्या आठवड्यात. तुमच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

"कुठल्या बाई? दुकानात बाई नाही."

"अहो, फोनवरच्या. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा घाबरून भरभर बोलत होतो. त्यांनी बसायला सांगितलं, जेवलात का विचारलं, मग तुमचा नंबर दोनदा म्हणून दाखवला." त्यांनी खिशातून घडी घातलेलं पान काढलं. ते जुन्या डिरेक्टरीतून फाडलेलं होतं. चौकोनात रकानेवाल्यांची जाहिरात होती आणि खाली छापलेला नंबर जुन्या गल्लीतला होता. समासात पेन्सिलीने चौकातला नंबर लिहिलेला होता.

रकानेवाल्यांनी ते पान काउंटरवर सपाट केलं. एकदा छापलेल्यावर बोट ठेवलं, एकदा पेन्सिलीवर. म्हातारे गृहस्थ कधी गेले ते त्यांना कळलंही नाही.

दुपारी त्यांनी तो जुना नंबर फिरवला. सहा वर्षांपूर्वी तो फोन त्यांच्याच टेबलावर वाजायचा.

"हॅलो, बोला." आवाज वयस्कर होता, पण स्वच्छ.

ऐन वेळी त्यांचा धीर गेला. "ते पलंगांचं दुकान का?"

"नाही, हा घरचा नंबर आहे. ते दुकान आता नसावं. या वर्षी त्यांची जाहिरात आली नाही, म्हणजे मालक गेले असावेत. चांगले गृहस्थ होते, सामान वेळेवर द्यायचे म्हणतात. तुमच्याकडे कोण आजारी आहे?"

"कोणी नाही," रकानेवाले म्हणाले. "मी मालक बोलतोय. मी आहे अजून."

"अहो, मग जाहिरात का काढलीत?"

"उपयोग होत नव्हता."

पाच वर्षांच्या सवयीने ते उत्तर तोंडातून निघून गेलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर घरी लाइन घेतली, तर नेमका हा नंबर वाट्याला आला. पहिल्या आठवड्यात चार जणांनी पलंग मागितले. मग त्यांनी एक्स्चेंजच्या चौकशीला फोन करून दुकानाचा नवा नंबर मिळवला.

"तुम्हालाही एकदा फोन केला होता," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुमच्या जाहिरातीबद्दल बोलायचंय. तुम्ही म्हणालात, मला कसलीही जाहिरात नको, जे असेल ते लेखी पाठवा. आणि ठेवलात."

रकानेवाल्यांना तो फोन आठवेना, पण वाक्य मात्र आपलंच होतं हे त्यांनी ओळखलं.

"म्हटलं जाऊ दे, आपणच सांगत जाऊ. मलाही बरं वाटायचं, ड्युटीवर असल्यासारखं. आता तो वाजतच नाही. भाचा म्हणतो, मावशी, वाजत नाही तर ठेवायचा कशाला? या महिनाअखेर काढून टाकतेय."

"काढू नका," ते म्हणाले. "मी जाहिरात परत देतो. हाच नंबर देतो."

महिना संपायला नऊ दिवस होते. त्यांनी लगेच डिरेक्टरीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "काका, आता छापतच नाहीत. यंदाची शेवटची. मीटिंगमध्ये सगळ्यांनी आपापल्या गिऱ्हाइकांचे आकडे दाखवले, मी तुमची वही दाखवली. तुमच्या एकट्यामुळे नाही हो, ते होणारच होतं. पण तुमचा पुरावा सगळ्यात व्यवस्थित होता." हे तो कौतुकाने म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

तेव्हा त्यांनी स्वतःच कार्डं छापायचं ठरवलं. दुकानाचं नाव आणि खाली बाईंचा नंबर. डॉक्टरांकडे ठेवायची, औषधांच्या दुकानांत ठेवायची, म्हणजे तिकडचा फोन पुन्हा वाजू लागेल. या वेळी कच्चा नमुना त्यांनी चार वेळा वाचला. एक ओळ जराशी कलली होती, म्हणून परत पाठवला. पुन्हा आला तो पुन्हा वाचला. कार्डं हातात पडली तेव्हा नवा महिना लागून दोन दिवस झाले होते.

ऑपरेटरबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खोलीत एक खाट, दोन खुर्च्या आणि एक स्टूल. स्टुलावर टेलिफोन होता आणि त्याची वायर त्याच्याच भोवती नीट गुंडाळलेली होती.

"परवाच माणूस येऊन लाइन काढून गेला," बाई म्हणाल्या. "तुमचा विचार बदलला असेल म्हटलं."

रकानेवाल्यांनी कार्डांचं पुडकं पिशवीतच राहू दिलं. उशीर का झाला हे सांगण्याची सोयच नव्हती. येताना त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती, ती कशीबशी म्हणून टाकली. तुमचे फार उपकार आहेत. वही आणली आहे. पाच वर्षांत दोनशे चौदा माणसं तुम्ही पाठवलीत, सगळी इथे आहेत. काहीही लागलं तर हक्काने सांगा.

दोनशे चौदा हा आकडा बाईंनी ऐकल्यासारखा केला. "वही आणलीत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि उशीखालून स्वतःची वही काढली. तिच्यात रकाने नव्हते. प्रत्येक ओळीत एक नाव आणि त्यापुढे दोन-चार शब्द. सासूबाई, मांडीचं हाड. मुलगा, गाडीवरून पडला. आजोबा, जेवत नाहीत. "मी नंबर द्यायची आणि फोन ठेवायची. पुढे काय झालं ते मला कधी कळलंच नाही. तेवढं सांगा."

बाईंनी विचारलेलं पहिलं नाव त्या वॉकरवाल्या म्हाताऱ्या गृहस्थांचंच निघालं. "त्यांची बायको गेली," रकानेवाले म्हणाले. "तुम्हाला नमस्कार सांगितलाय." बाईंनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि ते लिहिलं. रकानेवाल्यांना जरा धीर आला. एक तरी गोष्ट आपण नीट पोचवली, असं त्यांना वाटलं.

"आणि ही मुलगी? आईसाठी पलंग हवा होता. रडत होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी अर्धा तास बोलत बसले होते."

त्यांनी वही उघडली. नाव लगेच सापडलं, वहीत न सापडण्यासारखं काही नव्हतंच. "अकरा नंबरचा पलंग. दोन जिने. चौदा तारखेला परत."

"म्हणजे आई बरी झाली?"

रकानेवाल्यांचं बोट ओळीवरून डावीकडून उजवीकडे गेलं. क्रमांक, तारीख, नाव-पत्ता, नंबर कुठून मिळाला, परत. पलंग तर दोन्ही वेळा परत येतो, माणूस उठला तरी आणि गेला तरी. तो त्यांनी स्वतः उतरवून घेतला असणार, चाकं मोजली असणार, गादीवरचे डाग पाहिले असणार. ती मुलगी तिथेच शेजारी उभी असणार.

बाई पेन्सिल धरून त्यांच्याकडे बघत होत्या. रकानेवाल्यांनी पान उलटून मागची बाजू पाहिली, मग पुन्हा सुलटं केलं.

"पलंग परत आला," ते म्हणाले. "मी विचारलं नाही."