धक्क्याचा मान

बोरवाडीच्या दौलतरावांची मोटार साडेतीन वर्षांत एकदाही आपणहून सुरू झाली नव्हती, आणि याबद्दल गावात कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती एकट्या मंजुळाबाईंची, पण त्या दौलतरावांच्या पत्नी असल्यामुळे तिची कुठे दखल घेतली जात नसे.

मोटार आली चोपन्न सालच्या दसऱ्याला. पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना उभा राहत होता आणि दौलतरावांच्या भट्टीच्या विटा तिकडे जात होत्या. त्या ओळखीतून खडकीच्या एका कंत्राटदाराने आपली जुनी, काळी, चार दारांची मोटार त्यांना विकली. कंत्राटदाराच्या ड्रायव्हरने ती चावडीपुढे आणून उभी केली, इंजिन बंद केलं, किल्ली दौलतरावांच्या हातात दिली आणि चहालाही न थांबता झपाझप चिंचवड स्टेशनाचा रस्ता धरला. त्याच्या घाईचं कारण गावाला अर्ध्या तासाने कळलं.

पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली गेली, नारळ फुटला. दौलतरावांनी आत बसून बटन दाबलं. बॉनेटखाली कुणीतरी म्हातारं माणूस खाकरल्यासारखा आवाज झाला आणि थांबला. मग मंजुळाबाईंचा भाऊ लोखंडी हँडल घेऊन पुढे झाला. हँडलने पहिल्याच फेऱ्यात उलटा झटका दिला आणि त्याचं मनगट निखळलं. तेव्हापासून ते हँडल मंजुळाबाईंच्या चुलीपाशी असतं. त्याने लाकडं चांगली मागेपुढे करता येतात.

त्या दिवशी मोटारीच्या मागे जे तिघे उभे होते त्यांनी ती ढकलली. भावकीतले सर्वांत वडील यशवंतराव उजव्या मडगार्डवर होते, रंगराव डाव्या मडगार्डवर, आणि उशिरा आलेले अर्जुनराव मधे, स्टेपनीवर. चाळीस पावलांवर चिंचेचं झाड आहे, तिथे इंजिनाने धूर सोडला आणि ते चालू झालं. दुसऱ्या दिवशी तेच तिघे आले, कारण आदल्या दिवशी तेच आले होते. तिसऱ्या दिवशी गावातले दुसरे मातबर सोपानराव यांच्या गड्याने मदत म्हणून डाव्या बाजूला हात लावला. तो हात काढून घेईपर्यंत यशवंतराव त्या हाताकडे बघत राहिले. अशा रीतीने तीन दिवसांत प्रथा पडली आणि वर्षभरात ती पूर्वापार चालत आलेली ठरली.

प्रथेचे नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. मोटार काढायची तर आदल्या संध्याकाळी तिघांच्या घरी आवतण जायला हवं. आवतण घरात येऊन द्यायचं, कुंपणावरून नाही. यशवंतरावांचा हात लागल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि यशवंतराव फेटा बांधल्याशिवाय हात लावत नसत. एकदा ते हिवतापाने पडले, तेव्हा त्यांचा फेटा आणून टपावर ठेवला आणि मग इतर दोघांनी मोटार ढकलली. पाडव्याला तिघांना नारळ आणि टॉवेल मिळे. आठला निघायचं ठरलं की साडेदहाला निघणं होई.

एकदा निघाली की मोटार वाईट नव्हती. ड्रायव्हरचं दार आतून उघडत नसे, ते बाहेरून कुणीतरी उघडून द्यावं लागे, आणि दौलतरावांना ते शोभून दिसे. वळण दाखवणारा डावीकडचा पत्र्याचा हात एकदा बाहेर आला की आत जात नसे, म्हणून मागे बसलेल्या मंजुळाबाई खिडकीतून हात काढून तो दाबून बसवत. दापोडीच्या पुलापाशी पाणी उकळे, त्यासाठी पायाशी कळशी असे. पुण्यातल्या उतारावरच्या सगळ्या जागा दौलतरावांना तोंडपाठ होत्या. उतार मिळाला नाही तर ते इंजिन चालू ठेवून आत बसून राहत आणि मंजुळाबाई बाजार करून येत. साडेतीन वर्षांत दौलतरावांनी पुण्यात मोटारीतून पाय खाली ठेवला असेल तो चारपाच वेळा.

गोष्ट बिघडली ती मंजुळाबाईंच्या बहिणीच्या नातवाच्या बारशाला. बहीण कौशल्याबाई खेडला दिलेली. बारसं सकाळी अकराचं. पण रंगरावांना आवतण कुंपणावरून दिलं गेलं होतं. ते सकाळी आले, हात मागे बांधून उभे राहिले, आणि त्यांची समजूत काढता काढता बारा वाजले. मोटार खेडला पोचली तेव्हा पाळणा म्हणून झाला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या आणि बाळ झोपलं होतं. कौशल्याबाईंनी बहिणीला पाणी दिलं आणि विचारलं, "मोटारीनं आलीस म्हून उशीर झाला का गं?"

मंजुळाबाईंनी घरी आल्यावर भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या चालत चिंचवड स्टेशनापाशी गेल्या. तिथे ज्योतीरामचं पत्र्याचं गॅरेज होतं. ज्योतीराम बीडकडचा. कारखान्याला सिमेंट आणणाऱ्या ट्रकांबरोबर आला आणि राहिला. दौलतराव भट्टीवर गेले की तो सायकलच्या कॅरिअरला सामान बांधून बोरवाडीला यायचा. मंगळवारी संध्याकाळी नवी बॅटरी बसली.

बुधवारी सकाळी मंजुळाबाई मोटारीत बसल्या आणि म्हणाल्या, "दाबा बटन."

दौलतरावांनी बायकोच्या समाधानासाठी दाबलं. इंजिन सुरू झालं. त्यांनी ते बंद करून पुन्हा दाबलं. असं त्यांनी अकरा वेळा केलं. मग आठ वाजायची वाट न बघता, साडेसातलाच, ते पुण्याला गेले. मंडईपाशी सपाट जमिनीवर मोटार उभी करून खाली उतरले आणि बायकोबरोबर भाजी घेतली. इतक्या वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

आठ वाजता तिघे मानकरी आले. आवतण होतं, फेटे बांधलेले होते. मोटारीच्या जागी जमिनीवर तेलाचा डाग होता. तिघांनी तो डाग काही वेळ पाहिला आणि ते परत गेले.

हे इतर कुठल्याही आठवड्यात चाललं असतं. पण येत्या सोमवारी सरपंचाची निवड होती. पंचायतीत सात सभासद. सोपानराव आणि त्यांचे दोघे एका बाजूला, दौलतराव आणि मोटारीचे तिघे मानकरी दुसऱ्या बाजूला. दौलतरावांना सरपंच व्हायचं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी कधी बोलून दाखवली नसली तरी मोटार घेण्यामागे तीच होती. तिघांतला एक हात जरी वर व्हायचा राहिला तरी तीन-तीन होऊन चिठ्ठी टाकावी लागणार होती, आणि दोन राहिले तर सरपंचपद सोपानरावांकडे जाणार होतं.

सोपानरावांनी वेळ दवडला नाही. बुधवारी संध्याकाळी चावडीवर ते एवढंच म्हणाले, "त्याच्या इंजनाला आता माणसं लागत न्हाईत. उद्या पंचायतीला तरी कशाला लागतील?"

दौलतराव गुरुवारी यशवंतरावांकडे गेले. यशवंतरावांनी बसायला घोंगडी टाकली, चहा दिला, ज्वारीच्या कणसांविषयी तासभर बोलले आणि मोटारीचं नावही काढलं नाही. तिथून दौलतराव उठले ते रंगरावांकडे गेले. रंगरावांनी आतूनच सांगितलं की बुधवारपासून डोकं दुखतंय, सोमवारीही दुखेल असं वाटतं. अर्जुनराव घरी नव्हते. निदान त्यांच्या बायकोने तसं सांगितलं, आणि सांगताना त्यांनाच विचारून घेतलं.

शुक्रवारी दौलतराव ज्योतीरामकडे गेले आणि त्यांनी त्याला मोटार होती तशी करून मागितली. ज्योतीरामला आधी समजेना. समजलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"मालक, बिगडलेलं नीट करायचं म्या शिकलो," तो म्हणाला. "नीट असल्यालं बिगडवायचं लई लोकांना येतंय. त्यांच्याकडं जा."

दौलतराव त्याला बरंच बोलले, मग विनवलं. तो दुसऱ्याच्या ट्रकखाली शिरला.

तेव्हा दौलतरावांनी स्वतःच विचार केला. सोमवारी निवडणूक घ्यायला मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून येणार होते. ते दहाला चिंचवड स्टेशनावर उतरतील, त्यांना आणायला मोटार जाईल. रविवारी संध्याकाळी दौलतराव स्वतः नारळ-सुपारी घेऊन तिघांच्या घरी गेले, घरात जाऊन बसले, आणि म्हणाले की बुधवारी काय झालं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही, मोटार पुन्हा पहिल्यासारखी झाली आहे. रंगरावांनी डोकं दाबत विचारलं, "पक्की बिगडलीया न्हवं?" दौलतरावांनी देवाची शपथ घ्यायचं टाळलं, पण मान हलवली.

घरी मंजुळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड हँडलने जरा जोरात मागे ओढलं.

सोमवारी सकाळी निम्मं गाव जमलं. दौलतरावांनी आत बसून किल्ली फिरवलीच नाही, आणि मोटार सहजी पळू नये म्हणून हँडब्रेक अर्धा वर ओढून ठेवला. यशवंतरावांनी मडगार्डला हात लावून कपाळाला लावला. मग तिघांनी जोर केला. मोटार जडपणे निघाली. रंगराव मागून समाधानाने म्हणाले की ही खरी आपली गाडी.

बेत असा होता की चिंचेपाशी हँडब्रेक सोडायचा, किल्ली फिरवायची आणि जायचं. चिंच आली. पण सोपानराव धोतराचा सोगा धरून ड्रायव्हरच्या खिडकीशेजारी चालत होते आणि त्यांची नजर दौलतरावांच्या उजव्या हातावर होती. हात किल्लीकडे गेला की ते वाकून बघत. चिंच मागे गेली. पुढे ओढ्याचा उतार गेला, चढ आला. आरशात तीन फेटे वरखाली होत होते, तिघांचे चेहरे लाल झाले होते आणि लग्नघरातल्यासारखे प्रसन्न होते. दौलतराव पुढे बघून चाक धरून बसले. त्यांना गाडीत बसल्या बसल्या घाम फुटला होता. बोरवाडीपासून स्टेशन दीड मैल आहे. मोटार ते दीड मैल अशीच गेली.

अव्वल कारकून कडुनिंबाखाली दप्तर छातीशी धरून उभे होते. त्यांच्यासमोर मोटार थांबली. यशवंतराव मडगार्डला टेकून धापा टाकू लागले.

समोरच्या गॅरेजातून ज्योतीराम बाहेर आला. आपण सहा दिवसांपूर्वी नीट केलेली मोटार तीन माणसं ढकलत आणतात, हे भर रस्त्यात, गिऱ्हाइकांच्या देखत त्याने पाहिलं. त्याने सोपानरावांना बाजूला सारून खिडकीतून हात घातला, हँडब्रेक खाली केला, किल्ली फिरवली आणि बटन दाबलं.

इंजिन सुरू झालं. कधी नव्हे इतकं छान चालू लागलं.

ज्योतीराम आत निघून गेला. सोपानराव हळूच हसले आणि त्यांनी मागे, तिघांकडे पाहिलं. दौलतरावांना मागे बघवेना. त्यांना वाटलं, आता उतरून पळावं, पण दार आतून उघडत नव्हतं.

यशवंतरावांनी फेट्याच्या टोकाने तोंड पुसलं आणि ते सावकाश खिडकीपाशी आले.

"बंद कर, दौलत," ते म्हणाले. "सायबास्नी बसू दे. मग ढकलतो."

"आवं, बटनानं चालती ती," सोपानराव म्हणाले. "तुमाला दीड मैल गाढवावानी राबवलं त्यानं."

"ती बटनानं चालती ते आमाला बुधवारीच कळलंय. अख्ख्या गावाला आवाज आला." यशवंतरावांना दम घ्यावा लागला. "चालती का न्हाई, त्याच्याशी आमाला काय करायचंय? ढकलायची कुणी, त्याचं बोला. पालखीबी एक गडी खांद्यावर नेईल, म्हून काय एकाला देता व्हय?"

खरं म्हणजे सोपानरावांना ते पटलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. अर्जुनरावांनी स्टेपनीमागे उभं राहून विचारलं की उन्हं चढायच्या आत निघायचं का.

दौलतरावांनी इंजिन बंद केलं.

अव्वल कारकून मागे बसले. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी इंजिन चांगलं असताना हे काय चाललंय असं विचारलं. दौलतरावांनी सांगितलं की ही इथली प्रथा आहे. कारकुनांची सरकारी नोकरी बावीस वर्षं झाली होती. त्यांनी मान डोलावली आणि दप्तर मांडीवर ठेवलं. हँडब्रेक मात्र दौलतरावांनी या खेपेला पूर्ण खाली ठेवला. मोटार हलकी लागते आहे, अशी रंगरावांनी दोनदा तक्रार केली.

चावडीवर चार हात दौलतरावांसाठी वर झाले, तीन सोपानरावांसाठी. दौलतराव सरपंच झाले. हार घालून झाल्यावर सोपानराव त्यांना बाजूला घेऊन गेले आणि म्हणाले की झालं गेलं विसरू, गावात दुफळी नको. मागची बाजू भरलेली आहे हे त्यांना मान्य होतं. त्यांचं म्हणणं पुढच्या बाजूबद्दल होतं. बॉनेटपुढून दोर लावून ओढायला काहीच हरकत नसावी.

दौलतरावांना यात गावाचं ऐक्य दिसलं. यशवंतरावांना ओढणारा ढकलणाऱ्याच्या पुढे चालेल ही गोष्ट दिसली.

एप्रिलात कौशल्याबाईंच्या दुसऱ्या नातवाचं बारसं आलं. आवतणं घरात जाऊन दिली होती. सकाळी सातला चौघे मोटारीभोवती जमले आणि दोर आधी ताणायचा की हात आधी लावायचा यावर बोलणं सुरू झालं. दौलतराव आत बसून होते. मंजुळाबाईंनी झबलं-टोपडं पिशवीत घातलं.

"मी होते पुढं," त्या खिडकीशी येऊन म्हणाल्या. "तुमी या मागनं."

त्या चालत मोठ्या रस्त्यावर गेल्या आणि एस.टी.ने खेडला पोचल्या. बाळाला पाळण्यात घातलं, कानात नाव सांगितलं, घुगऱ्या खाल्ल्या, बहिणीशी पोटभर बोलल्या आणि दुपारच्या एस.टी.ने परतल्या. बोरवाडीत शिरताना त्यांना मोटार दिसली. ती चिंचेखाली सावलीत उभी होती, म्हणजे चाळीस पावलं आली होती. पुढे दोर पडलेला होता, मागेपुढे दोन्हीकडे माणसं बसलेली होती. दौलतरावांनी त्यांना बघून खिडकीतून हात बाहेर काढला.

मंजुळाबाईंनी पिशवी काखेत धरली आणि बाहेरून दार उघडून दिलं.