पाचव्या दिवसाची सवारी

खिडकीवाल्या ताईंच्या आईला एकच दुःख होतं आणि ते ती दिवसातून तीनदा बोलून दाखवायची. तिच्या बहिणीचा मुलगा विमानतळावर मोठा साहेब. बहीण आल्यागेल्याला त्याचं कौतुक सांगून पकवायची. आणि आपली लेक? अठरा वर्षं दवाखान्यात जातेय, पण तिथे नेमकं काय करते हे आईला धड सांगता येत नव्हतं. शेजारच्या काकूंनी विचारलं की आई म्हणायची, "भिंगातून बघते." काकू विचारायच्या, "बघते म्हणजे काय बघते?" तिथे आईचं घोडं अडायचं.

"अगं, एखादी तरी गोष्ट सांगत जा घरी येऊन," आई कुरकुरायची. "कोण आलं, कोण रडलं, कुणाला पोर झालं. काहीतरी!"

"त्या लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत, आई. मी कोण सांगणार?" एवढं बोलून ताई कांदा चिरायला घ्यायच्या. तोंडाला कुलूप म्हणजे कुलूप.

तर हा दवाखाना मूल होत नसलेल्या जोडप्यांचा. बाहेर पाटीवर डॉक्टरांचं नाव, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत. आत एक शस्त्रक्रियेची खोली, तिला लागून ताईंची लॅब आणि दोघींच्या मधल्या भिंतीत एक सरकत्या काचेची खिडकी. मोठ्या पुस्तकाएवढी असेल नसेल. बाईच्या पोटातून काढलेली बीजं त्या खिडकीतून आत जायची. ताई त्यांचा नवऱ्याच्या बीजाशी मेळ घालायच्या, गर्भ तयार झाला की उबेच्या पेटीत ठेवून डोळ्यांत तेल घालून सांभाळायच्या आणि वेळ झाली की त्याच खिडकीतून परत द्यायच्या. लोक पाया पडायचे ते डॉक्टरांच्या. मिठाई यायची ती डॉक्टरांच्या टेबलावर. ताईंचे फक्त डोळे दिसायचे, टोपी आणि मास्कच्या मधले. त्यांना याचं वाईट वाटायचं का? छे! बरं, थोडं वाटायचं. खोटं कशाला बोला.

पेशंटला ताईंची ओळख व्हायची ती आवाजानं. बीजं काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी ताईच फोन करून खबर द्यायच्या, किती जगले, किती थांबले. एकदा एका जोडप्याच्या फायलीवर लिहिलं होतं, 'नऊ वाजून दहा मिनिटांनीच फोन करावा.' ताईंनी बरोब्बर त्या मिनिटाला केला.

"बोला ताई," पलीकडून खणखणीत आवाज आला. "यावेळी मी डेपोत असते म्हणून वेळ दिली. बस चालवताना ऐकलं असतं तर थेट खांबावर गेले असते."

बाई शहर बसची ड्रायव्हर. नवरा शाळेत चित्रकलेचा मास्तर, मऊ स्वभावाचा, डोळ्याला पाणी यायला निमित्त लागायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं. याआधी दोनदा गर्भ आत ठेवून झाले होते, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी, आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नव्हतं. हे तिसरं आणि शेवटचं. सुया टोचून टोचून बाईचं अंग चाळणी झालं होतं. यानंतर नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

सात गर्भ झाले होते. तिसऱ्या दिवशी पाच उरले, आणि पाचही दिसायला सारखे.

"आता तुम्हाला ठरवायचंय," ताईंनी फोनवर सांगितलं. "आज यातले दोन ठेवता येतील. नाहीतर पाचव्या दिवसापर्यंत वाट बघायची. आज प्रत्येकात सातआठ पेशी आहेत, कोणात किती दम आहे ते कळत नाही. दम असलेला पाचव्या दिवशी शंभरेक पेशींचा होतो, आत पाणी धरतो, फुगतो. त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. बाकीचे वाटेत थांबतात. पण सगळेच थांबले, तर ठेवायला काहीच उरणार नाही. हे नीट समजून घ्या."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, निर्णय तुमचा."

"आणि तुम्ही? माझ्या जागी तुम्ही असता तर?"

हे विचारायचं नसतं आणि विचारलं तर सांगायचं नसतं. अठरा वर्षांत ताईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण सकाळी त्या पाचही गर्भांकडे त्या बराच वेळ बघत बसल्या होत्या आणि आधीच्या दोन वेळचे कागदही त्यांनी पुन्हा काढून वाचले होते. तिसऱ्या दिवशी निवडलेले दोन्ही वेळा फसले होते.

"मी थांबले असते," त्या म्हणाल्या. आणि लगेच जीभ चावली.

"मग थांबूया," बाई म्हणाली. तिनं फोन ठेवला, आणि ताईंनी फायलीवर लिहिलं, 'पाचवा दिवस.'

चौथ्या दिवशी पेटी उघडायची नाही, असा ताईंचा स्वतःचा कडक नियम. दार उघडलं की ऊब जाते, हवा बदलते, आणि फायदा काय तर आपल्या जिवाची समजूत. त्या दिवशी त्या चार वेळा पेटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबलेले. दार काही उघडलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी उघडलं. पहिला थांबलेला. दुसरा थांबलेला. तिसराही. चौथ्याचे तर तुकडे झालेले. मग पाचवा भिंगाखाली आला. गोल गरगरीत, काठोकाठ पाणी धरलेला, एका बाजूला पेशींचा घट्ट पुंजका, कवच पातळ होत आलेलं. हजारो गर्भ पाहिलेल्या ताईंच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

नऊ वाजून दहा मिनिटं. "एक आहे," ताई म्हणाल्या.

"एकच?"

"एकच. पण काय आहे म्हणून सांगू! बारा वाजता या. पाणी पिऊन या, मूत्राशय भरलेलं लागतं, सोनोग्राफीत नीट दिसायला."

"त्याची चिंता नको. सात सात तास स्टेअरिंगवर बसते मी. दाबून धरण्यात माझा हात धरणारा कोणी नाही."

बारा वाजता बाई टेबलावर आडवी झाली. मास्तर उशाशी, तिचा हात घट्ट धरून. नर्सनं काय काय होणार ते समजावलं. लॅबमधून बारीक नळीत गर्भ येणार, डॉक्टर तो आत सोडणार, नळी परत खिडकीतून आत जाणार, आणि ती रिकामी झाल्याचं ताई भिंगातून बघून सांगणार.

"म्हणजे आमच्यासारखंच की," बाई म्हणाली. "शेवटच्या स्टॉपला मीसुद्धा मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघते. एखादी सवारी झोपलेली सापडतेच."

काचेपलीकडे ताई मास्कच्या आत हसल्या. मग खिडकी सरकवून त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "तुमचं पूर्ण नाव? नवऱ्याचं? जन्मतारीख?" बशीवरच्या चिठ्ठीशी ते ताडून पाहिलं, नर्सनंही पाहिलं. नळीत गर्भ घेतला, त्याच्या पुढे हवेचा एक बारीक बुडबुडा, मागे एक. नळी डॉक्टरांच्या हातात गेली.

पडद्यावर करडं धुकं, आणि त्यात एक पांढरा ठिपका चमकून उठला.

"तो बघा! पोचला!" डॉक्टर म्हणाले. मास्तर तो ठिपका बघून हुंदके द्यायला लागला. डॉक्टर मनाचे चांगले, पण रडणारा माणूस त्यांना बघवत नाही. एरवी ते खिडकीतल्या शब्दाची वाट बघतात. त्या दिवशी मास्तरच्या पाठीवर हात ठेवून बोलून गेले, "झालं! अभिनंदन!" नर्सनं दिवा लावला. बाई डोळे पुसत उठायला लागली.

इकडे ताईंनी नळीत द्रव भरला, बशीत सोडला आणि भिंगाला डोळा लावला. काही नाही. बशी स्वच्छ.

"रिकामी ना ताई?" डॉक्टरांनी तिकडूनच विचारलं.

रिकामी म्हणायला काय जात होतं? हजारो वेळा म्हणून झालं होतं. बशीत काही नव्हतं, पडद्यावर ठिपका दिसला होता, सगळे खूश होते. पण नळी दोनदा धुवायची, ही ताईंची सवय. पहिल्या धुण्यात काही नसलं तरी दोनदा. त्यावरून नव्या लोकांनी त्यांची चेष्टाही केली होती. ताईंनी पुन्हा द्रव भरला आणि पुन्हा सोडला.

या वेळी गर्भाशयाच्या तोंडाशी असतं तसल्या चिकट पाण्याचा एक धागा बाहेर आला. आणि त्या धाग्याच्या टोकाला, आरामात गुरफटून, तो. गोल गरगरीत. पडद्यावर चमकला तो नुसता हवेचा बुडबुडा होता, सवारी नळीतच राहिली होती.

"थांबा!"

ताईंचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. डॉक्टर जागच्या जागी थबकले. बाईचा एक पाय टेबलावरून खाली आला होता, तो तसाच अधांतरी.

"उठू नका. गर्भ माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. नवी नळी घेते, दोन मिनिटं."

मास्तर पांढराफटक. डॉक्टरांचा चेहरा पडला होता, पण त्यांनी लगेच दिवा बंद केला आणि परत स्टुलावर बसले. ताईंनी धागा सोडवला, गर्भ दोन थेंबांतून स्वच्छ करून घेतला आणि नव्या नळीत भरला. हात हलला? नाही.

दुसऱ्यांदा नळी गेली आणि परत आली. ताईंनी ती धुतली. एकदा. दोनदा. कधी नव्हे ते तिसऱ्यांदाही.

"रिकामी," त्या म्हणाल्या. डॉक्टर खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, आज तुम्ही माझी लाज राखलीत."

पुढे रिपोर्ट चांगला आला, ठोके दिसले. बाई पेढ्यांचा डबा घेऊन आली तेव्हा ताई आत कामात होत्या, आणि लॅबमध्ये कुणाला सोडत नाहीत. नर्सकडे निरोप ठेवून ती गेली. नंतर घराजवळच्या दवाखान्यात नाव घातलं आणि फाईल बंद झाली. त्या पाचव्या दिवशी ताईंनी घरी काय सांगितलं? काही नाही. "आज काय केलंस?" असं आईनं विचारलं होतं, त्यावर "नेहमीचंच" म्हणाल्या.

पावणेदोन वर्षं गेली. एका दुपारी ताई आईला दातांच्या डॉक्टरकडून घरी आणत होत्या. बसमधून आई सावकाश उतरली, मागोमाग ताई. दार मिटायला लागलं आणि आईला आठवलं की काठी सीटपाशीच राहिली.

"थांबा!" ताई ओरडल्या.

बस कचकन थांबली. दार उघडलं. आतून एका प्रवाशानं काठी पुढे केली, ताईंनी घेतली. दार मात्र मिटेना. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आपलं छोटं फाटक उघडलं आणि ती खाली उतरून समोर येऊन उभी राहिली.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. परत म्हणा."

"थांबा," ताई बावचळून म्हणाल्या. आणि मग त्यांना तो खणखणीत आवाज ओळखू आला. नऊ वाजून दहा मिनिटांचा.

बाईनं भर रस्त्यात त्यांना मिठी मारली. आतून कोणीतरी खेकसलं, "अहो, उशीर होतोय आम्हाला!"

"दोन मिनिटं!" बाईनं मागे वळून सुनावलं. "या बाईंनी मला पाच दिवस थांबायला लावलंय. तुम्हाला दोन मिनिटं जड होतात?" मग तिनं खिशातून फोन काढून आईसमोर धरला. फोटोत सहा दातांची, टकलू, डोक्यावर ड्रायव्हरची टोपी घातलेली पोर. "आजी, ही तुमची लेक ना? आणि ही माझी. शेवटच्या स्टॉपला मागच्या सीटवर झोपून राहिली होती, सगळे म्हणाले गाडी रिकामी, घरी चला. तुमच्या लेकीनं मागपर्यंत जाऊन बघितलं. एकटीनं. तिनं बघितलं नसतं तर आज माझं घर रिकामं असतं, आजी. आम्ही घरी पोरीला सवारीच म्हणतो."

अठरा आणि दोन, वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कामाबद्दल कोणी पेशंट त्यांच्या तोंडावर बोलत होती, आणि तेही मास्क नसताना. डोळे भरून आले, ते झाकायला काही नव्हतं. अभिमान वाटला. चांगला छाती भरून वाटला आणि त्यांनी तो वाटू दिला.

"चल आई," शेवटी त्या म्हणाल्या. "बसला उशीर होतोय."

आई हलली नाही. तिनं काठी फूटपाथवर घट्ट रोवली, फोटोवरची नजर न काढता ड्रायव्हरच्या दंडाला धरलं आणि लेकीला बजावलं, "तू थांब गं जरा. हां, बाळा, आता पहिल्यापासून परत सांग. सावकाश सांग. मला माझ्या बहिणीला जसंच्या तसं सांगायचंय."