राहून गेलेला दुखवटा

आमच्या घरात सकाळी अकरा ते बारा कुकरची शिट्टी वाजवायची नाही. वर वैष्णवीची मीटिंग असते. वैष्णवी माझी नात. पुण्याच्या कंपनीत नोकरीला आहे, पण राहते इथे देऊळगाव राजात, आमच्या माडीवर. कोरोना आला तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आली, ती वरच बसली. साथ गेली, पण तिची टेबल-खुर्ची गेली नाही, आणि माझा वरणाचा कुकरही तिच्या वेळापत्रकावर गेला. मी खाली जरा मोठ्याने बोलले की सून ओठांवर बोट ठेवते. शहात्तर वर्षांची मी, स्वतःच्या स्वयंपाकघरात कुजबुजते.

शिट्टीचं एक वेळ चालेल. पण माणसांचं काय करायचं? दारात कोणी आलं तर आधी फोन करून येतं. फोन न करता आलं, तर घरातले एकमेकांकडे असे बघतात जसं काही पोलीस आले. शेजारीण लोणचं देते ते फाटकाला पिशवी अडकवून, आणि अंगणातूनच फोन करते, “काकू, लटकवलंय हं.” मी खिडकीतून बघत असते. बाई, दहा पावलं पुढे ये ना!

माझी सासू मानमोडीच्या, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या तापाच्या साथीचं सांगायची. तिने ते तिच्या सासूच्या तोंडून ऐकलं होतं. गाव रिकामं करून लोक शेतात खोपट्या घालून राहिले होते म्हणे. पण साथ सरल्यावर परत आले, तेव्हा घराचं दार उघडायच्या आधी जिथे जिथे माणूस गेलं होतं तिथे तिथे जाऊन बसले. पंधरा दिवस गावात दुसरं काम झालं नाही. आमच्या वेळी साथ सरली आणि लोकांनी आधी दुकानं उघडली. बसायला कोणी कोणाकडे गेलं नाही. मीही गेले नाही.

त्याचंच हे सांगते आहे.

बीबी या गावात आम्ही बेचाळीस वर्षं राहिलो. साथीच्या आदल्या वर्षी माझ्या मुलाने, शेखरने, देऊळगावला घर बांधलं म्हणून इकडे आलो. बीबीला भिंतीला भिंत लागून पुष्पाबाईचं घर. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण जीभ माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. वैष्णवीची आई शाळेत नोकरीला जायची, तेव्हा वैष्णवी सहा वर्षांची होईपर्यंत दिवसभर पुष्पाबाईच्या कडेवर. गावात मयत झाली की आम्ही दोघी जोडीने जायचो. वेशीपासून मी रडायला सुरुवात करायची आणि पुष्पाबाईने उचलून धरायचं, असं ठरलेलं होतं. लोक म्हणायचे, या दोघी आल्या की दगडालाही पाझर फुटतो.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये पुष्पाबाईचे मालक, उकंडराव, जालन्याच्या दवाखान्यात कोरोनाने वारले. रस्ते बंद होते. शेखर म्हणाला, “आई, तू आणि बाबा, दोघांचंही वय बघ.” मी फोन केला. दोन मिनिटं बोललो. शेखरने मोबाइलवर गावाच्या गटात हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याच गटात त्या चित्राच्या खाली कोणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक होता.

मग रस्ते उघडले. मी म्हटलं, पावसाळा होऊ दे. मग म्हटलं, वर्षश्राद्धाला जाऊ. तेव्हा यांच्या गुडघ्याचं निघालं. मग इतका उशीर झाला की जायची लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की आणखी उशीर होतो. चार वर्षं गेली.

आता वैष्णवीचं लग्न ठरलं. शेखरने पत्रिका मोबाइलवर सगळ्या जगाला पाठवून दिली. पुष्पाबाईच्या घरीही. उत्तर नाही. मग त्याने फोन केला. पुष्पाबाई म्हणाली, “पाहू.”

“येतील गं आई, पाहू म्हणाल्या,” शेखर म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. बीबीत “पाहू” म्हणजे काय ते याला माहीत नाही? ज्या घराच्या दुखवट्याला आपण गेलो नाही, त्या घराला लग्नाचं आवतण देता येत नाही. दिलं तरी ते घेत नाहीत. आधी जाऊन रडायचं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन कुंकू लावून बोलवायचं. वैष्णवीच्या अंगाला पुष्पाबाईचा हात लागल्याशिवाय हळद लागली, तर ती हळद मला आयुष्यभर दिसत राहील, हे मला ठाऊक होतं.

“दोनदा कशाला?” शेखर म्हणाला. “व्हिडिओवर भेट करून देतो.”

“व्हिडिओवर गळ्यात पडतात का रे?”

“मग एकाच चकरेत दोन्ही उरका. आधी ते, मग हे. मध्ये चहा घ्या.”

मध्ये चहा! भांडायला तोंड उघडलं तर सुनेने वर बोट दाखवलं. साडेअकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सुनेने माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्या, आणि न विचारता कुंकवाचा करंडा टाकला. मी तो काढून ठेवायला हवा होता. पण उन्हाळा, वय, मेहकर गाडीतली गर्दी. माझ्याही मनात आलं, जमलं तर जमलं. घरच्यांची सवय मलाही लागली होती.

बीबीला उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते. चालताना मी मनातल्या मनात उकंडराव आठवत होते. खोकून येणारे, आणि आमच्या ओट्यावर बसून यांच्याशी कापसावरून भांडणारे. कोपऱ्यावरून रडत जायचं ठरवलं होतं. पण पहिला हुंदका निघायच्या आधीच फाटक उघडलं.

“अय्या, कौतिकाआजी! फोन तरी करायचा ना!”

ही संजीवनी, पुष्पाबाईची नातसून. साथीनंतर लग्न होऊन आलेली. फोटोवरून ओळखलं तिने मला. तोंडभर हसत तिने माझी पिशवी घेतली, पंखा लावला, खुर्ची पुसली. हसणाऱ्या माणसासमोर गळा काढता येत नाही. मी तशीच बसले.

पुष्पाबाई बाजेवर बसून चिंचा फोडत होती. पदर थेट भुवयांपर्यंत ओढलेला. माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना तिचं फक्त नाक आणि हात दिसत होते. हात वाळले होते. तिने वर पाहिलं नाही.

“कोन व्हय?”

“मी, कौतिका.”

“बस.”

चिंचेच्या टरफलाचा आवाज येत राहिला.

“बरी आहेस ना?” मी विचारलं. इतकी वर्षं शेजारी राहून असला प्रश्न!

“हाय जिती. पाहाले आली का?”

मी उकंडरावांचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तोच संजीवनी पाणी घेऊन आली. “आजी, वैष्णवीताईच्या लग्नाचं कार्ड पाहिलं आम्ही! लई भारी. त्यात गाणं पण वाजतं.”

“हाव,” पुष्पाबाई म्हणाली. “मले बी दाखोलं. एक पोरगा अन् एक पोरगी समुद्राच्या कडंनं पळते. बीबीत कोठी समुद्र हाय त मले ठाव नाही. खाली लिहेल हाय, येजा.”

“आजी, तसंच असतं आता,” संजीवनी हसली.

“तसंच असन. आमच्या घरी त आता मयत बी मोबाइलातच होते.”

लग्नाचा विषय आधी निघाला होता. आता त्याच्या मागून मयतीचं कसं बोलायचं? रीत उलटी झाली होती, आणि मला ती सुलटी करता येत नव्हती. एकाच चकरेत दोन्ही उरकेल म्हणून आलेली मी, दोन्हींच्या मधोमध अडकले. हातांना काहीतरी हवं होतं. म्हणून मी रुमालासाठी पिशवीत हात घातला, आणि हाताला करंडा लागला.

मी शपथेवर सांगते, मी ठरवून काढला नाही. बेचाळीस वर्षं ज्या हाताने पुष्पाबाईला हळदीकुंकू लावलं, त्या हाताला तेवढंच ठाऊक होतं. करंडा उघडला, बोट बुडवलं, पुढे वाकले, आणि नेहमीसारखा डाव्या हाताने तिचा पदर मागे सारला.

कपाळ रिकामं होतं.

गोंदलेला हिरवा ठिपका तेवढा होता. त्याच्यावर ठसठशीत रुपयाएवढं कुंकू असायचं, म्हणून तो ठिपका मी आजवर पाहिलाच नव्हता. उकंडराव गेले हे मला चार वर्षं माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढची पुष्पाबाई तशीच, कुंकू लावलेली होती, कारण मी तिला पाहायलाच आले नव्हते.

माझं बोट हवेत राहिलं. संजीवनीच्या हातातला पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. पुष्पाबाईने माझं मनगट धरलं. वाळलेला हात, पण पकड तीच.

“थांबली काऊन?” ती म्हणाली. “लाव न.”

मी बोट मागे घ्यायला गेले, पण तिने मनगट सोडलं नाही.

“चार वर्षं लागले तुले हे कपाळ पाहाले. चार वर्षं! लोनारच्या बाजारात चाल म्हटलं अस्तं त धावत आली अस्ती.”

“पुष्पे...”

“तुले सांगू? माह्यं कुंकू म्याच पुसलं. बाथरूमात, आरशासमोर उभी राहून. बाया आल्याच नाही. कोनी हात लावाले तयार नव्हतं. त्याइले जालन्यातच जाळलं, मले तोंड बी नाही दाखोलं. मंग मले काय ठाव, खरंच गेले का नाही? म्या दोन दिवस तसंच राहू देलं कुंकू. तिसऱ्या दिवशी म्हटलं, कौतिका यीन, तिच्या देखत पुसू. नाही आली तू. मंग पुसलं.”

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता यायचं नाही. मी तिच्या गळ्यात पडले की तिने मला ओढलं, कोण जाणे. चिंचांची परात उलटली. माझा आवाज लागला, आणि जुन्या सवयीप्रमाणे तिने तो वर उचलला. चार वर्षांपूर्वी रडायचं होतं ते आम्ही दोघी भर उन्हाच्या वेळी, पंख्याखाली, टीव्ही चालू असताना रडलो. शेजारच्या बाया कुंपणावरून डोकावल्या. आत कोणी आलं नाही. त्यांनी आधी फोन केला.

संजीवनी घाबरून तो घेत होती. “नाही हो काकू, काही नाही... आजी, बीपी वाढलं का? डॉक्टरला बोलावू?”

“बीपी नाही अन् फीपी नाही,” पुष्पाबाई नाक पुसत म्हणाली. “दुखवट्याले आली हाय ते.”

“कोणाच्या?”

“तुह्या आजेसासऱ्याच्या! अजून कोनाच्या?”

“पण त्यांना तर चार वर्षं...”

“ते तिले सांग.”

माझ्या बोटाचं कुंकू तिच्या पांढऱ्या पोलक्यावर, माझ्या पदरावर, फरशीवर झालं होतं. पुष्पाबाई फरशीकडे बघून चिडली. “एवढा मोठा करंडा घेऊन दुखवट्याले कोन येते वं? अक्कल देऊळगावले ठेवून आली का?”

“शेखर म्हणाला, एकाच चकरेत...”

“शेखर म्हनते! अन् तू आयकते! तू कवापासून पोराचं आयकाले लागली?”

मी करंडा बंद करून पिशवीच्या तळाशी घातला. आज आवतणाचं नाव काढता येणार नव्हतं, ते तिलाही ठाऊक होतं, मलाही. आपण बोलवू तरी ही येईल की नाही, हेही विचारता येणार नव्हतं. रडून झाल्यावर उकंडरावांच्या फोटोसमोर जरा वेळ बसले. त्यांच्या खोकल्याचं बोललो, कापसाच्या भांडणाचं बोललो. मग मी उठले.

“अहो आजी, चहा टाकलाय ना!” संजीवनी धावत आली. “जेवूनच जा. बरं, मग परत या हं नक्की!”

“माय वं!” पुष्पाबाई ओरडली.

“अगं पोरी!” मीही त्याच क्षणी ओरडले.

संजीवनी बिचारी दारात खिळून उभी राहिली.

“दुखवट्याच्या मानसाले 'या' म्हनते काय? अजून कोनी मराले पायजे का घरात?”

“चहा कसला देते गं? इथे पाहुणी म्हणून आले का मी?” मी म्हणाले. “निघताना 'येते' म्हणायचं नसतं, आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं नसतं. मुकाट उठून जायचं असतं. तुझ्या आईने शिकवलं नाही?”

“काय शिकवन? त्याइच्या घरी बी मोबाइलच हाय,” पुष्पाबाई म्हणाली.

“आमच्याकडे तर शिट्टी बंद आहे.”

“कायची शिट्टी?”

“कुकरची. वैष्णवीची मीटिंग असते.”

पुष्पाबाईने माझ्याकडे नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा. “त मंग तुमी खाता काय? कच्चं?” असं म्हणून तिने जी मान हलवली, ती मला बीबीच्या घराच्या भिंतीपलीकडून बेचाळीस वर्षं दिसत आली होती. आम्ही दोघींनी मिळून संजीवनीकडे अशा काही नजरेने पाहिलं, की ती चहा मोरीत ओतायला आत पळाली.

मी चपला घातल्या. काही बोलले नाही, मागेही वळले नाही. फाटकाची कडी काढत होते, तेव्हा मागून पुष्पाबाईचा आवाज आला. माझ्याशी नव्हे, नातसुनेशी बोलत होती. पण आवाज रस्त्यापर्यंत जाईल एवढा होता.

“संजीवनी, उद्या सकाळच्या मेहकर गाडीनं मानूस यीन. चार भाकरी जास्त टाकजो. अन् ते तुले कुंकू लावाले बसली, की मले मांगच्या खोलीत धाडू नोको. म्या समोर बसनार हाय.”

“उद्या कोण येणार आहे, आजी? फोन आला का?”

“फोन कायले पायजे वं?”

मी बाहेर पडले. परतीच्या गाडीला अजून वेळ होता. उद्या पुन्हा एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात, तेवढ्याच गर्दीतून यायचं होतं, आणि घरी जाऊन शेखरला ते समजावून सांगायचं होतं. ते सांगण्यातच रात्र जाणार. मी पाण्याची बाटली उघडली आणि स्टँडच्या सावलीत बसले.